श्वसनोपचार अभ्यासक्रम आणि त्यातील मानसशास्त्र

श्वसनोपचार : दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार), न्यूमोनिया, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अपघात किंवा मोठी शस्त्रक्रिया यांमुळे ज्यांचा श्वास अडला आहे, त्यांना ऑक्सिजन, नेब्युलायझर, व्हेंटिलेटर आणि श्वसनाचे व्यायाम यांच्या साहाय्याने सावरणारी आरोग्यविद्येची शाखा. स्वतंत्र व्यवसाय म्हणून ती अमेरिकेत वाढली आणि तिथे तिचे शिक्षण मोठ्या प्रमाणात कम्युनिटी कॉलेजांतून मिळते. किमान अर्हता असोसिएट पदवीची. शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या जोडीला अनेक कॉलेजे सामान्य मानसशास्त्राचा एक पेपर घ्यायला लावतात. वेळापत्रकात तो भरतीचा वाटतो. धाप लागलेल्या माणसाच्या खाटेशी उभे राहिले की त्याचे कारण कळते.

मराठी रुग्ण अशा वेळी म्हणतो, ‘जीव घाबरा होतोय.’ त्याला दम लागला आहे की भीती वाटते आहे, हे या शब्दांतून वेगळे काढता येत नाही. ते रुग्णालाही काढता येत नसते, आणि या अभ्यासक्रमाचा अर्धा भाग त्या गुंत्याशीच झटतो.

शाखेचा उगम यंत्रात आहे तसाच माणसाच्या हातातही आहे. 1928 मध्ये हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी लोखंडी फुप्फुस तयार केले. मानेपर्यंतचे शरीर आत ठेवून पेटीतला दाब कमीजास्त करायचा आणि छाती हलवायची, अशी त्याची रीत. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवले, की गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा थेट फुप्फुसात ढकलावी. तेवढी यंत्रे नव्हतीच, म्हणून वैद्यकाचे विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. असे सुमारे 1500 विद्यार्थी होते. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि आजच्या अतिदक्षता विभागाची पायाभरणी झाली. आज प्रत्येक रुग्णवाहिकेत दिसणारी अंबू बॅग 1956 मध्ये डेन्मार्कमध्येच आली. या प्रसंगाची एक बाजू मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपते. शुद्धीवर असलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलाशेजारी तासन्‌तास बसून त्याचा श्वास हातात धरणे म्हणजे काय, हे त्या तरुणांना कोणी शिकवलेले नव्हते.

अमेरिकेत तोवर 1947 साली शिकागोत श्वसनोपचाराच्या कामगारांची पहिली संघटना उभी राहिली होती. तेव्हाचे काम बहुतांशी ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलत वॉर्डात नेण्याचे. पुढे संघटनेचे नाव बदलत बदलत ‘अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर’ झाले, आणि 1982 मध्ये कॅलिफोर्नियाने या व्यवसायाला परवान्याचा कायदा केला. आता अलास्का सोडून सर्व राज्यांत परवाना लागतो.

अभ्यासक्रमाचा तांत्रिक भाग आकड्यांचा आहे, पण तो कोरडा नाही. रुग्णाला एक्स-रेसाठी दुसऱ्या मजल्यावर न्यायचे आहे, तर सोबतचा सिलिंडर पुरेल का? अमेरिकेतल्या ‘ई’ आकाराच्या सिलिंडरसाठी दाबाला 0.28 ने गुणून प्रवाहाने भागतात. काटा 2000 पीएसआय दाखवत असेल आणि प्रवाह मिनिटाला 5 लिटर असेल, तर 112 मिनिटे मिळतात. त्यातला काही साठा राखीव ठेवावाच लागतो, कारण लिफ्ट अडकू शकते. मनगटातल्या धमनीतून एबीजीसाठी, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी, रक्त काढण्याआधी ॲलन चाचणी करतात. मूठ आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडली की पांढऱ्याफटक पडलेल्या तळव्यावर करंगळीकडची धमनी मोकळी केल्यावर लाली परतते का, ते पाहायचे.

व्हेंटिलेटरच्या प्रकरणात एक आकडा वरचेवर येतो : 6. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एआरडीएस या फुप्फुसांच्या तीव्र विकाराच्या रुग्णांना दर श्वासाला किलोमागे 12 ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले. हे वजन काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले. कारण माणूस जाड झाला तरी फुप्फुस वाढत नाही. 170 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी ते 66 किलो येते, म्हणजे एका श्वासाला साधारण 400 मिलिलिटर.

फुप्फुसात किती हवा गेली ते यंत्र सांगते, पण दम किती लागला ते सांगायला यंत्र नाही. ते मोजण्याची पट्टी दिली स्वीडनच्या एका मानसशास्त्रज्ञाने. गुन्नर बोर्ग यांचा विषय होता माणसाला स्वतःच्या श्रमाची जाणीव कशी होते हा. त्यांची 0 ते 10 ची पट्टी आज जगभर वापरली जाते. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, 0.5 म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका, 3 मध्यम, 5 तीव्र आणि 10 म्हणजे कमाल. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत 30 मीटरच्या सरळ मार्गिकेत रुग्ण येरझाऱ्या घालतो. सुरुवातीला आणि शेवटी त्याला पट्टी दाखवून विचारायचे, ‘काका, यातला कितवा आकडा?’ बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 95 दाखवत असताना काका 7 वर बोट ठेवतात, तेव्हा काका खोटे बोलत नसतात. कच्चा विद्यार्थी यंत्रावर विश्वास ठेवून पुढे निघतो आणि नेमका तिथेच चुकतो. मानसशास्त्राच्या पेपरात संवेदना आणि जाणीव यांचा जो धडा असतो, तो इथे कामाला येतो.

सीओपीडीत भीती आणि धाप एकमेकींना वाढवतात, यामागे शुद्ध यांत्रिक कारण आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो, पण तो वेळच मिळत नाही. आधीची हवा आत असतानाच नवी येते, छाती फुगत जाते, पुढचा श्वास घेणे आणखी जड होते आणि भीती वाढते. यावरचा पहिला उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि दोन मोजेपर्यंत नाकाने घेतलेला श्वास चार मोजेपर्यंत हळू फुंकरीने सोडायचा, निरांजनाची ज्योत हलेल पण विझणार नाही इतपत. हे रुग्णाला पटायला शिकवणाऱ्याचा स्वतःचा आवाज शांत असावा लागतो. मराठीत ‘दम’ म्हणजे श्वासही आणि धीरही, म्हणून ‘दम धरा’ हे इथे दोन्ही अर्थांनी लागू पडते. पण नुसते तसे म्हटल्याने कोणाला दम धरता येत नाही. समोर बसून त्याच्याबरोबर श्वास घ्यावा लागतो.

व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून रुग्णाला बोलता येत नाही. त्यात अनेकांना आयसीयूत भ्रम होतो आणि शांत पडून राहिलेल्याचा भ्रम कोणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठीच्या ‘कॅम-आयसीयू’ तपासणीत दहा इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचतात आणि ‘ए’ ऐकू आला की हात दाबायला सांगतात. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे अवधान सुटले आहे. बोलण्यासाठी अक्षरांचा तक्ता देतात. इंग्रजीत 26 अक्षरांनी भागते, मराठीत काना-मात्रा-वेलांटीने तक्ता गर्दीचा होतो. थकलेल्या बोटासाठी ‘तहान’, ‘दुखतंय’, ‘कूस बदला’, ‘घरच्यांना बोलवा’ असे शब्द आणि चित्रे असलेला तक्ता अधिक सोयीचा.

तंबाखू सोडवण्याचे प्रकरणही मानसशास्त्रातूनच आलेले आहे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी 1983 मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या मांडल्या. अजून विचारही न केलेल्याला सोडण्याची तारीख विचारणे व्यर्थ, हे त्यातून शिकतात.

भारतात या व्यवसायाला केंद्रीय कायद्याची चौकट 2021 मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात श्वसनतंत्रज्ञ आणि वर्तन-आरोग्याचे व्यावसायिक एकाच परिशिष्टात आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडेच आहे. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकमध्ये रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. वायूचा साठा, दाब आणि पर्यायी पुरवठा हे विषय परीक्षेपुरते नाहीत, हे महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन समजले.

अमेरिकी पुस्तकावर शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला काही गोष्टी नव्याने पाठ कराव्या लागतात. तिथला ऑक्सिजनचा सिलिंडर हिरवा, इथला काळा आणि खांद्याला पांढरा. तिथला ‘ई’ आणि 0.28 बाजूला ठेवून इथे ‘बी’ आणि ‘डी’ लक्षात ठेवायचे : लहान ‘बी’त साधारण दीड घनमीटर वायू, जंबो ‘डी’त सात. भरलेला ‘बी’ मिनिटाला 5 लिटरने पाच तास जातो, 10 लिटरने अडीच.