१२ ऑक्टोबर २००५ : माहितीचा अधिकार लागू

सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांना देणारा माहिती अधिकार कायदा या दिवशी पूर्णपणे अमलात आला. या कायद्यासाठीच्या लढ्याची मुळे राजस्थानात आहेत. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. भर सभेत सरकारी कामांचे हजेरीपट वाचले गेले आणि कामावर कधी न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने राज्याचा कायदा २००५ च्या केंद्रीय कायद्याआधीच आला होता. केंद्राच्या कायद्याने साध्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक झाले. कारभार झाकला की सरकारच्या हेतूंवर संशय येणारच. विश्वास हवा असेल, तर दप्तर खुले ठेवावेच लागेल.