रायगडावरचा राज्याभिषेक: कोणी काय पाहिलं?

मुंबई-गोवा महामार्गाने महाडकडे येताना सावित्रीच्या काठी दासगाव लागतं. आज गाडी तिथे क्वचितच थांबते, पण एकेकाळी इथे बोटी लागायच्या. २५ डिसेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून समुद्रमार्गे येऊन दासगावच्या बंदरावर उतरले. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. ही परिषद कोणी कुठलं पाणी प्यायचं, कोणाला कोणता अधिकार आणि तो देणार कोण, याबद्दल होती.

यातल्या अधिकाराच्या प्रश्नाचंच एक जुनं रूप इथून जवळच, रायगडावर, १६७४ साली उभं राहिलं होतं. तेव्हा तो एका राजाला विचारला गेला.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे प्रकरण नीट पाहा, कारण एकाच घटनेचे साक्षीदार किती वेगळं लिहून ठेवतात ते इथे उघड दिसतं. मी मुळात विज्ञानाच्या बाजूची, त्यामुळे 'निरीक्षक कुठे उभा होता?' हा प्रश्न मला आधी पडतो.

आधी अडचण काय होती? शिवाजी महाराजांकडे किल्ले होते, फौज होती, आरमार होतं, महसूल येत होता. तरी मोगल आणि आदिलशाही दरबारांच्या लेखी ते बंडखोर जमीनदारच होते. त्यात शास्त्र सांगणाऱ्यांचा आक्षेप होता की वैदिक राज्याभिषेक क्षत्रियाचाच होतो, आणि यांची तर मुंजही झालेली नाही. मग काशीहून गागाभट्ट आले. हे घराणं मूळचं पैठणचं. भोसल्यांचं कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं गेलं. २९ मे १६७४ ला, वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, महाराजांची मुंज लागली. पुढे राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले. ६ जूनला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, अभिषेक झाला. इथे एक गोष्ट सुटायला नको. तलवारीने मिळवलेलं राज्य होतं, तरी विधी करणाऱ्यांची मान्यता घ्यावी लागली. आणि ती देणाऱ्यांना भरपूर दक्षिणाही मिळाली.

गागाभट्टांनी या सोहळ्यासाठी 'श्रीशिवराजाभिषेकप्रयोग' लिहिला. हा ग्रंथ हाती आला की नवा संशोधक हुरळून जातो. पण 'प्रयोग' म्हणजे विधी कसा करावा याची पोथी. प्रयोगशाळेतली कार्यपद्धती आणि प्रयोगवहीतली नोंद यांत जो फरक असतो, तोच इथेही आहे.

नोंदवही मिळते ती दुसऱ्याच माणसाची, इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनची. तो आला होता व्यापाराच्या सवलती मागायला. पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते, त्यामुळे त्याला थांबावं लागलं. दरबारात त्याने जे पाहिलं ते बारकाईने लिहिलंय: सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखं, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे. हे एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. (गड चढलेल्या कोणालाही वाटेल.)

आता यातलं मत्स्यचिन्ह बघा. माही मरातिब हा मोगल दरबारातला मान. म्हणजे पहाटे वैदिक मंत्र आणि सकाळी दरबारात मुसलमानी सल्तनतींना कळणारी राजचिन्हं. त्याच काळात 'राजव्यवहारकोश' फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देत होता, मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव होत होता. मला यात विसंगती दिसत नाही. पंडितांना मंत्र कळत होते, शेजारच्या दरबारांना मासा. राजाला दोघांशीही बोलायचं होतं.

ऑक्झेंडनचा स्वतःचा राजा दुसरा चार्ल्स. त्याच्या बापाचं डोकं १६४९ ला उडवलं गेलं, जुनी राजचिन्हं मोडून वितळवली गेली. १६६१ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुट नव्याने घडवावा लागला. तिथेही धर्मगुरूने तेल लावलंच. पण कायद्याने तो बाप मेला त्या दिवसापासूनच राजा मानला गेला. हा चार्ल्स गंडमाळ झालेल्या हजारो रोग्यांना नुसत्या स्पर्शाने बरं करायला बसायचा. तेव्हा 'युरोप विवेकी आणि आपण कर्मकांडी' असली मांडणी तुमच्या प्रबंधात कृपया नको.

आकड्यांचंही बघा. महाराजांची सुवर्णतुला ऑक्झेंडन सुमारे १६,००० होनांची सांगतो, वेंगुर्ल्याचे डच १७,००० म्हणतात. होन सुमारे ३.४ ग्रॅमचा धरला तर ५४ आणि ५८ किलो येतात. पण होन अनेक प्रकारचे होते, वजनं वेगवेगळी. यावरून महाराजांचं वजन छातीठोक सांगणारे लेख मी वाचलेत. असं करू नका. या आकड्यांवरून दानाची व्याप्ती कळते, देहाचं माप कळत नाही.

ऑक्झेंडनच्या मागण्यांमधली एक होती इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं ही. उत्तर मिळालं, बंदी नाही, पण त्यातल्या धातूच्या खऱ्या किमतीनेच चालेल. नुकत्याच अभिषिक्त झालेल्या राजाने दुसऱ्याचा शिक्का आपल्या बाजारात सक्तीने चालवायला नकार दिला.

राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडला जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी गोसावी यांनी हे आणि इतर अशुभ प्रसंग दाखवून पहिल्या विधीतच दोष असल्याचं म्हटलं, आणि २४ सप्टेंबरला, ललिता पंचमीला, तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. त्याची हकीकत 'शिवराज्याभिषेककल्पतरू'त आहे आणि ती उघडउघड निश्चलपुरींच्या बाजूची आहे. ऑक्झेंडन तोवर कधीच परतला होता. इंग्रजी कागदांवरच विसंबलात तर हा दुसरा अभिषेक तुमच्या नजरेतून निसटेल, आणि गागाभट्टांच्या पोथीत तर तो असणारच नाही.