बैलगाडी गेली, मोटार राहिली

व्हिएन्नाला राहणाऱ्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, इथे १ मार्च २०२४ पासून नवा कायदा झालाय. बेफाम वेगाने गाडी हाकली तर गाडीच जप्त, वर तिचा लिलाव! आधी असाच गंभीर गुन्हा केलेला असेल, तर गावात मर्यादेपेक्षा ताशी ६० किलोमीटरने जास्त वेगही पुरतो. आपल्याकडे असं कधी होतं का?"

मी म्हटलं, "होतं की! पण मोटारीसाठी नव्हे, बैलगाडीसाठी."

तो हसला. पण मी गंमत करत नव्हतो.

१८७८ साली वनकायदा आला, तेव्हा आपला कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. (कुलाब्यात तो १८९१ साली आला.) चोरून तोडलेलं लाकूड नेताना कोणी सापडला, तर लाकडाबरोबर कुऱ्हाड, होडी, गाडी आणि जनावरंही ताब्यात घेता येत. गुन्हा शाबीत झाला की हे सारं सरकारजमा होऊ शकत असे. त्यासाठी दुसऱ्यांदा पकडलं जाण्याचीही गरज नव्हती. बैल आणि गाडी गेल्यावर गाडीवानाकडे उरायचं काय?

त्यातून आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, तर झाडाच्या फांद्या हव्यातच. जंगलाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला.

१९२७ च्या वनकायद्यातही जप्तीचं कलम राहिलं. पुढे महाराष्ट्राने दुरुस्ती करून जप्तीचा अधिकार थेट वनअधिकाऱ्यांना दिला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही चोरटी दारू वाहणारी गाडी जप्त करण्याची तरतूद आहे.

आता मोटारीचा कायदा पाहा. १९३९ चा गेला, १९८८ चा आला, २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जाऊ शकतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. पण मालकी? ती मालकाचीच!

म्हणजे सागाच्या ओंडक्यापायी गाडी जाऊ शकते, माणसाच्या जिवापायी जात नाही. वनकायद्याने गाडीला चोरीचं हत्यार मानलं. मोटार कायद्याने दोष चालकाचा मानला आणि गाडीला मालमत्ता म्हणून सोडून दिलं. पण मला वाटतं, कोणत्या गाडीत कोण बसत होतं, याचाही त्याच्याशी संबंध असावा.

मग खालापूरच्या टोलनाक्यावरून सुसाट बोरघाटाकडे निघालेल्या मोटारींनाही तोच नियम लावावा का? वारंवार गुन्हा करणाऱ्याला लावावा, असं मन म्हणतं. पण कर्जावर घेतलेल्या टेम्पोवर एखादं घर चालत असतं, आणि चालवणारा भलताच असतो. ऑस्ट्रियात गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर ती जप्त होत नाही. त्या चालकाला मात्र ती गाडी पुन्हा कधीच चालवता येत नाही. हे मला पटलं.

आपल्याकडे असा कायदा कधी झालाच, तर करणाऱ्यांनी आधी त्या गाडीवानाला आठवावं. जप्तीची झळ कोणाला लागते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

असो. भाच्याला हे सगळं फोनवर सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. तुम्हाला काय वाटतं?