चार दिवस आणि उरलेले चोवीस : ऋतुचक्राच्या ज्ञानाचा महाराष्ट्रातील इतिहास

१

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नांदेड–हिंगोली मार्गावर, डोंगरकडा हे गाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजकीय इतिहासाचे हे टप्पे सर्वांस परिचित आहेत. परंतु त्याच काळात अशा गावातील स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी काय ठाऊक होते, ते तिला कोणी सांगितले आणि कोणत्या शब्दांत सांगितले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका अंगाचा, म्हणजे मासिक ऋतुचक्राविषयीच्या ज्ञानाचा, विचार करावयाचा आहे.

आरंभ भाषेपासून करणे सोयीचे होईल. पहिल्या वेळेस ‘न्हाण आले’ किंवा ‘शहाणी झाली’. पुढे दर महिन्यास ‘पाळी’, ‘अडचण’, ‘विटाळ’. स्त्री ‘बाहेर बसली’, तिला ‘कावळा शिवला’. आणि शेवटी ‘पाळी गेली’. हा शब्दसंग्रह संपन्न आहे. पण तो सारा रक्तस्रावाच्या दिवसांभोवती गुंफलेला आहे. महिन्याच्या मध्यावर शरीरात काय घडते, त्याला घरगुती बोलीत नाव नाही. आपल्या समाजाने चार दिवसांची मोजदाद अतिशय काटेकोरपणे केली. उरलेल्या चोवीस दिवसांची मात्र केली नाही. आधुनिक शरीरशास्त्राने लावलेला शोध मुख्यतः या चोवीस दिवसांचाच आहे. या विसंगतीचे परिणाम केवळ बौद्धिक राहिले नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

चार दिवसांची गणना धर्मशास्त्राने रूढ केली. तैत्तिरीय संहितेत इंद्राच्या ब्रह्महत्येच्या पापाची वाटणी भूमी, वृक्ष आणि स्त्रिया यांच्यात झाल्याची कथा आहे, आणि स्त्रियांच्या वाट्याला आलेले पाप म्हणजे रजोदर्शन असे तेथे सांगितले आहे. रजस्वलेने पाळावयाचे नियमही त्याच ठिकाणी येतात. पुढील ग्रंथांतून ते विस्तारत गेले. महाराष्ट्रातील घरांत मात्र ही शिकवण ग्रंथांपेक्षा व्रतांच्या द्वारे पोहोचली. भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत हे त्याचे ठळक उदाहरण होय. विटाळ न पाळल्यामुळे पुढील जन्मी स्त्रीला कुत्रीचा व तिच्या पतीला बैलाचा जन्म आला, अशी त्या व्रताची कथा आहे. म्हणूनच त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करून ऋषीची भाजी खाण्याचा प्रघात आहे. शरीरातील एका घटनेचे ज्ञान मुलीला प्रथम अपराधाच्या कथेतून व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या विचाराला मराठी भूमीतच विरोधही झाला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी, देहाच्या नवद्वारांतून जसे इतर मळ स्रवतात तसाच हाही एक स्राव, अशी भूमिका घेतल्याचे महानुभाव वाङ्मयात नमूद आहे. चौदाव्या शतकात चोखामेळ्याच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगातून, ज्या विटाळातून देह घडतो त्या विटाळापासून मुक्त असा कोण आहे, अशा आशयाचा प्रश्न विचारला. चक्रधरांचा संचार गोदातीरी होता. नामदेवांशी संबंधित नरसी हे स्थान तर हिंगोली जिल्ह्यातच आहे. तेव्हा प्रतिवादाचा हा स्वर या प्रदेशाला परका नव्हता. परंतु हे दोन्ही प्रतिवाद नैतिक होते. स्राव अपवित्र नाही, हे त्यांनी सांगितले. तो का होतो, हे सांगण्याचे साधन त्या काळात जगात कोणापाशीच नव्हते.

३

आयुर्वेदाची दृष्टी धर्मशास्त्राहून काहीशी निराळी होती. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी व निवृत्ती पन्नासाव्या वर्षी सांगितली आहे. गर्भधारणेस योग्य असा बारा रात्रींचा ऋतुकाल मानला असून, दिवस मावळताच कमळ मिटते त्याप्रमाणे ऋतुकाल सरताच गर्भमार्ग मिटतो, असा दृष्टांत दिला आहे. मनुस्मृतीने हा काल सोळा रात्रींचा धरून पहिल्या चार रात्री निषिद्ध ठरविल्या. महिन्यातील सर्व दिवस सारखे नाहीत, काही दिवस फलदायी असतात, हे निरीक्षण येथे स्पष्ट आहे आणि त्याचे मोल मान्य केले पाहिजे.

तथापि, यावरून प्राचीनांना अंडमोचनाचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढणे युक्त नाही. स्त्रीचे बीज म्हणजे आर्तव, अर्थात रक्तच, अशी त्यांची धारणा होती. म्हणून फलदायी काळ रक्तस्रावाच्या लगत असावा, हे अनुमान त्यांना स्वाभाविक वाटले. युरोपही याच भ्रमात दीर्घकाळ होता. सस्तन प्राण्यांतील अंडे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने १८२७ साली प्रथम पाहिले. तरीही १८४७ साली फ्रान्समधील पुशे याने, कुत्रीच्या माजाशी साम्य कल्पून, गर्भधारणेचा काळ पाळीच्या लगतच ठरविला. कुत्रीचा रक्तमिश्रित स्राव व स्त्रीची पाळी या मुळातच भिन्न घटना आहेत, हे ध्यानी न आल्यामुळे स्त्रियांना ‘सुरक्षित’ म्हणून सांगितलेले दिवस कित्येकदा नेमके उलटे निघाले.

अशा अर्धप्रकाशाच्या काळात, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी घेतली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांच्या शिक्षणकाळी पाश्चात्त्य वैद्यकात प्रचलित असलेली उपपत्ती जर्मन शास्त्रज्ञ फ्लूगर याची होती : अंडाशयातील वाढत्या पुटकाचा दाब मज्जातंतूंवर पडतो आणि त्यामुळे पाळी येते. सुश्रुताची परंपरा आणि फिलाडेल्फियाचे व्याख्यानगृह ही दोन्ही त्यांना उपलब्ध होती. पण दोहोंपैकी कोठेही या चोवीस दिवसांचा उलगडा झालेला नव्हता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई निवर्तल्या. उलगडा होऊ लागला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

४

व्हिएन्नाच्या क्नाउएर याने १८९६ च्या सुमारास सशांमधील अंडाशय काढून शरीरात अन्यत्र रोवले. मज्जातंतू तुटूनही गर्भाशय सुकला नाही. त्याअर्थी अंडाशयाचा प्रभाव रक्तातून वाहत असला पाहिजे, हे सिद्ध झाले. अशा रक्तवाहित द्रव्यांना स्टार्लिंग याने १९०५ साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत पुढे ‘संप्रेरक’ हा शब्द रूढ झाला. १९०८ साली हिचमन व आडलर यांनी गर्भाशयाच्या अंतःस्तराचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून तो महिनाभर सतत बदलत असतो, असे दाखविले. पूर्वी ज्या अवस्थांना रोग समजले जाई, त्यांपैकी कित्येक महिन्याच्या निरनिराळ्या दिवसांच्या नैसर्गिक अवस्था ठरल्या. १९२४ साली जपानमध्ये ओगिनो यांनी व त्यानंतर काही वर्षांनी ऑस्ट्रियात क्नाउस यांनी अंडमोचन पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते, हे स्वतंत्रपणे निश्चित केले. १९२९ साली इस्ट्रोन आणि १९३४ साली प्रोजेस्टेरोन ही संप्रेरके शुद्ध स्वरूपात हाती आली.

आज ज्ञात असलेला क्रम थोडक्यात असा. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चक्र मोजतात. मेंदूतील अधश्चेतकाच्या इशाऱ्याने पोष ग्रंथी पुटकोद्दीपक संप्रेरक सोडते. त्यामुळे अंडाशयातील काही पुटके वाढू लागतात व बहुधा त्यांतील एकच पुढे जाते. वाढणारे पुटक इस्ट्रोजेन निर्माण करते आणि त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचा अंतःस्तर पुन्हा जाड होतो. इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी उंचावून काही काळ टिकली की पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरकाचा एकदम लोंढा येतो आणि सुमारे दीड दिवसात पुटक फुटून अंडे बाहेर पडते. रिकाम्या पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होते. पीतपिंड प्रोजेस्टेरोन स्रवते, अंतःस्तर गर्भाच्या स्वागतास सिद्ध होतो आणि शरीराचे तापमान किंचित वाढते. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड साधारण चौदा दिवसांत क्षीण होते, संप्रेरकांचा आधार सुटतो आणि अंतःस्तर गळून पडतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चक्राचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी स्थिर असतो. कमीअधिक होतो तो पूर्वार्ध. उपासमार, अतिश्रम, मानसिक ताण, थायरॉइडचे विकार, अतिस्थूलता यांचा परिणाम होऊन अंडमोचन लांबते किंवा होतच नाही. प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचे चक्र प्राकृत मानले जाते. अठ्ठावीस ही केवळ सोयीची संख्या आहे. पाळी म्हणजे शरीरातून अशुद्ध रक्त बाहेर टाकण्याची क्रिया नव्हे. ती मागील महिनाभराच्या प्रकृतीचा वृत्तांत आहे. नाडी व श्वसन यांच्याप्रमाणेच ऋतुचक्रालाही आरोग्याचे एक मूलभूत लक्षण समजावे, असे आता वैद्यक सांगते. स्रावाचे प्रमाण दर पाळीस ८० मिलिलिटरांहून अधिक असल्यास शरीरातील लोहाचा साठा घटत जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, ही गोष्ट या संदर्भात वाचावयास हवी. मात्र आहारातील उणीव हेही त्याचे मोठे कारण आहे.

५

हे ज्ञान मराठीत कसे आले? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. लैंगिक विषयांवर वाचकांच्या शंकांना शास्त्रीय व निःसंकोच मराठीत उत्तरे देण्याची प्रथा त्यांनी पाडली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. १९५३ साली कर्व्यांचे निधन झाले आणि मासिकही थांबले. ज्या दशकात संप्रेरके प्रयोगशाळेत शुद्ध होत होती, त्याच दशकात ती माहिती देणारा मराठी संपादक न्यायालयात उभा होता.

डोंगरकड्यासारख्या गावाची स्थिती याहूनही अवघड होती. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही त्याच भाषेतून शिकविले जाई. मराठी बोलणाऱ्या रुग्णेचे दुखणे आणि ते जाणणाऱ्या वैद्याची परिभाषा यांच्यामध्ये एक संपूर्ण भाषा उभी होती. स्त्रीचा संकोच हा अडथळा त्याखेरीजचा.

स्वातंत्र्यानंतर रुग्णालये आली, परंतु हा प्रश्न विचारण्याची सवय आली नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग अथवा जननेंद्रियाचा आजार होता; पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आजार होते, पण त्यांची गणना नव्हती.

६

या अज्ञानाची किंमत मराठवाड्यात किती मोजावी लागली, हे २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या शासकीय पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. त्यांतील काही शस्त्रक्रिया आवश्यकही असतील. परंतु प्रमाणच इतके मोठे होते की चौकशी समिती नेमावी लागली आणि खाजगी रुग्णालयातील अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली.

याचे अर्थकारण उघड आहे. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. पांढरे जाणे किंवा पोटदुखी यांवर औषधोपचार करीत बसण्यास सवड नसते. अशा वेळी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो. पण केवळ अर्थकारणाने हे घडले नसते. गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणणाऱ्या भाषेत ती पिशवी मुले झाल्यावर निरुपयोगीच ठरते. जिला महिन्यातील चारच दिवस ठाऊक आहेत, तिला ते चार दिवस कायमचे गेल्याने काही बिघडते, हे कसे कळावे? गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर इस्ट्रोजेन अकाली नाहीसे होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा संभव वाढतो. अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा धोका असतो. श्रमावर जगणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ठिसूळ हाडे म्हणजे पुढील वीस वर्षांची मजुरी होय.

म्हणून विटाळ नाकारणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. चक्रधर व सोयराबाई यांनी चार दिवसांचा कलंक पुसण्याचा यत्न केला. उरलेल्या चोवीस दिवसांचे ज्ञान मराठीत, बोलीच्या शब्दांत, खेड्यापर्यंत नेण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे आणि ते केवळ वैद्यांचे नाही. ‘पुटक’, ‘पीतपिंड’ ही परिभाषा विद्यापीठात चालेल. डोंगरकड्यात तिला पर्याय शोधावा लागेल, आणि तो तेथील स्त्रियांशी बोलूनच सापडेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास यातून एक साधनही हाती लागते. आपल्याकडील कित्येक घरांत भिंतीवरील दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी एखादी बारीक खूण केलेली असते. घरातील पुरुषांना तिचा अर्थ ठाऊक नसतो. वर्ष संपले की ते कागद रद्दीत जातात. स्त्रीने स्वतःच्या शरीराविषयी स्वतःच्या हाताने केलेली ती नोंद आहे, आणि तिच्यावरून दोन खुणांमधील दिवसही मोजता येतात.