फवारणीचा डबा आणि बासलचं कोर्ट



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे घरात कोण धुतं? सगळ्या हसल्या. कोण धुणार ताई, आम्हीच. फवारणीसाठी पाणी कोण आणून देतं? तेही आम्हीच. मग विचारलं, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा होता? यावर मात्र कोणी बोललं नाही.

म्हणून आज या डब्याचा इतिहास सांगते. आपल्या यवतमाळच्या पऱ्हाटीतून निघालेली ही गोष्ट थेट स्वित्झर्लंडच्या कोर्टापर्यंत गेली आहे.

सुरुवात कपड्यापासून करू. कापड रंगवायला अझो नावाचे रंग वापरतात. त्यातले काही रंग असे, की कापड अंगावर असताना त्यातून कर्करोग करू शकणारी रसायनं सुटतात. जर्मनीने १९९० नंतरच्या काही वर्षांत अशा रंगांच्या कापडावर बंदी आणली. आपलं कापड तिकडे विकायला जायचं, त्यामुळे इथेही हालचाल झाली. १९९७ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अशा ७० रंगांवर बंदी घातली. दागिन्यांचंही तसंच. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतो, तो बऱ्याचदा निकेल या धातूमुळे. युरोपने १९९४ मध्ये दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घालणारा नियम केला.

म्हणजे कापड अंगावर घालणाऱ्याच्या कातडीसाठी कायदा झाला, आणि तो झालाच पाहिजे होता. पण ज्याच्या वावरात तो कापूस पिकतो, त्याच्या कातडीचं काय?

त्याच्यासाठीही कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९५८ मध्ये केरळात विषारी कीटकनाशक मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन १०० हून अधिक माणसं दगावली. धान्य आणि औषध एकाच जहाजातून आलं होतं आणि औषध गळून धान्यात मिसळलं होतं. चौकशी झाली, आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ मध्ये त्याचे नियम झाले. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्याच नियमांतला. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यावर कवटीचं चित्र असतं. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. फवारणाऱ्याला अंग झाकणारे कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क मिळावा, हेही नियमांत आहे. आपल्या वावरात ते किती दिसतं, हे तुम्हीच सांगा.

आता २०१७ चं साल आठवा. पऱ्हाटी त्या वर्षी खांद्याला लागली होती, काही वावरांत तर डोक्याच्याही वर. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीची कटकट संपली असं वाटलं होतं. पण गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पुरून उरली. माणसं दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून फवारू लागली. उंच पिकात पंप वर धरला की तुषार थेट तोंडावर, छातीवर. दमट हवा, घामाने भिजलेला सदरा, अंगाला चिकटलेलं औषध. पोळा गेला, दसरा आला, सीतादहीची तयारी करायची तर घराघरांतून माणसं दवाखान्यात. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये खाटा पुरेनात. कोणाला उलट्या, कोणाला दम लागलेला, कोणाला काही दिवस डोळ्यांनी दिसेना. आपल्या एका जिल्ह्यात ८०० च्या वर माणसांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक दगावली. त्यात बरेच दुसऱ्याच्या वावरात रोजंदारीने फवारणारे मजूर होते.

सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या घरच्यांना दोन लाख रुपये जाहीर केले, आणि नोव्हेंबरमध्ये आपल्यासह विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. बोलणं मात्र एकच ऐकू यायचं, शेतकऱ्याने काळजी घेतली नाही. ज्याने औषध बनवलं त्याला कोणी विचारलं नाही.

ते विचारणारी माणसं इथूनच उभी राहिली. बाधित कुटुंबांची संघटना झाली. देशातल्या आणि युरोपातल्या संस्थांनी तिला साथ दिली. पोलिसांच्या नोंदी काढल्या, तर 'पोलो' नावाच्या औषधाशी जोडलेली ९६ प्रकरणं सापडली, त्यात दोन मृत्यू. हे औषध सिंजेंटा कंपनीचं, आणि कंपनीचं मुख्य कार्यालय स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात. पोलोमधलं मुख्य रसायन डायफेन्थियुरॉन. युरोपीय संघात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये ते वापरायला तेव्हाही परवानगी नव्हती. तरी तिथून ते आपल्याकडे विकायला येत होतं.

सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांनी स्वित्झर्लंड सरकारच्या तक्रार केंद्राकडे तक्रार केली. मोठ्या कंपन्यांनी परदेशात कसं वागावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या आधारावर ती होती. जून २०२१ मध्ये दोन विधवा बाया आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी बासलच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. आपल्या औषधामुळे हे झालं याचा पुरावा नाही, असं तिचं म्हणणं. तक्रार केंद्रातली बोलणी समेट न होताच संपली.

मग मिळालं काय, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी भोपाळ आठवावं लागेल. १९८४ मध्ये तिथे वायू सुटून हजारो माणसं मेली. तो कारखानाही कीटकनाशकाचाच. लोकांनी कंपनीच्या देशात, अमेरिकेत दावा लावला. १९८६ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं, खटला भारतातच चालवा. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि पीडितांची तक्रार आजही मिटलेली नाही. म्हणून विष बनवणाऱ्या कंपनीच्या गावात जाऊन, तिच्याच देशाच्या कोर्टात यवतमाळच्या विधवा बाईने दावा लावणं ही लहान गोष्ट नाही. आणखी एक झालं. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली. आपल्या पऱ्हाटीतलं दुखणं तिथल्या सरकारच्या दारापर्यंत पोचलं होतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे सगळं उभं राहिलं ते कागदावर. पोलिसांच्या नोंदीत औषधाचं नाव होतं, म्हणून कंपनीचं नाव घेता आलं.

त्याच २०१७ मध्ये आमच्या एका गटातल्या ताईचा हप्ता थकला. घरी गेले तर तिचा नवरा नुकताच दवाखान्यातून आलेला, भिंतीला टेकून बसलेला. मी विचारलं, कोणतं औषध होतं? ताई म्हणाली, "निळा डबा होता, एवढंच माहीत." डबा नाल्यात फेकला होता. उधारीवर आणलेलं, म्हणून दुकानदाराने पावती दिली नव्हती. माणूस वाचला, पण त्याची नोंद कुठेच झाली नाही. हप्त्याची सोय आम्ही गटातून केली. पावतीची सोय कशी करणार? तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या हंगामाच्या आधीच बैठकीत सांगितलं असतं, ही बोच आजही आहे.

म्हणून सांगते. औषध उधार आणलं तरी पक्की पावती मागा, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर बघा. हंगाम संपेपर्यंत पावती गटाच्या पासबुकासोबत ठेवा. कोणाला मळमळलं, अंधारी आली, डोळे झोंबले, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. डबा पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरला त्यावरून उपचार ठरवता येतो. केसपेपरवर औषधाचं नाव लिहून घ्या. पोलीस आले तर तेच नाव सांगा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, वेगळ्या बादलीत हातमोजे घालून धुवा. आणि रिकाम्या डब्यात पाणी भरू नका, किती चांगला दिसला तरी.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या डब्यावरचा त्रिकोण बघून यायचं आहे. डबा आणायचा नाही, फक्त रंग सांगायचा. हजेरी घेताना मी तो वहीत लिहून घेणार आहे.