स्वतंत्रपूर : भिंतींविना तुरुंग

१/ तुरुंग माणसाला सुधारून समाजात परत पाठवतो का? या प्रश्नावर आपल्याकडे एक धाडसी प्रयोग झाला, तो १९३९ साली आटपाडीच्या दुष्काळी माळावर. त्याची ही कथा.

२/ ब्रिटिश हिंदुस्थानातील तुरुंग १८९४ च्या कारागृह कायद्यानुसार चालत. त्या कायद्याचा भर बंदोबस्त, शिस्त आणि सक्तमजुरी यांवर होता. सुटलेला कैदी पोट कसे भरील, गाव त्याला दारात उभे करील का, हे प्रश्न त्याच्या कक्षेत जवळजवळ नव्हतेच.

३/ औंध हे छोटेसे संस्थान. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते भवानराव पंतप्रतिनिधी तेथील राजे. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला. या कामात पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन अग्रभागी होते.

४/ याच काळात फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. नाव ठेवले 'स्वतंत्रपूर'. उंच भिंती नाहीत. कैद्यांनी शेती कसायची आणि बायकामुलांसह राहायचे.

५/ यामागचा विचार सरळ होता. कोठडीत माणसाचे घर, काम आणि पत हे तिन्ही सुटतात आणि सुटकेच्या दिवशी तो या तिन्हींवाचून दारात उभा असतो. स्वतंत्रपुरात शिक्षा भोगतानाच ते जपले जात.

६/ या प्रयोगाने 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाला प्रेरणा दिली. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर मूळचे याच औंध-आटपाडी परिसरातले. बर्लिन महोत्सवातही चित्रपट गौरवला गेला.

७/ मात्र भारावून जाताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी. खुल्या कारागृहात शिक्षा झालेले, वर्तन चांगले असलेले निवडक कैदीच जातात. निवडलेली माणसे सुधारली, म्हणजे सगळेच सुधारतील, असे सिद्ध होत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे, म्हणजे खटला प्रलंबित असलेले होते. त्यांच्यासाठी हे दार मुळात उघडतच नाही.

८/ १९४८ मध्ये औंध विलीन झाले, पण स्वतंत्रपूर टिकले. आज ते राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. गोंदियासह विदर्भातील वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील मोर्शीचे खुले कारागृह.

९/ तात्पर्य? भिंत माणसाला अडवते, पण घडवत नाही. घडवायचे असेल तर त्याच्या हाती काम आणि पाठीशी घर हवे. हे औंधसारख्या चिमुकल्या संस्थानाने ओळखले. ते मूठभरांपुरते का राहिले, हा प्रश्न मात्र आपल्यासाठी उरतो.