वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन : अमेरिकेच्या माजी सैनिकांकडून धडा

नशा म्हटली की दारू, गांजा, चरस डोळ्यासमोर येतात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणलेली गोळीही व्यसन लावू शकते. अमेरिकेत हजारो माजी सैनिकांच्या बाबतीत हेच झाले.

सुरुवात कशी झाली?
1996 मध्ये तिथे ऑक्सिकोंटिन ही अफूच्या वर्गातली गोळी बाजारात आली. तिची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असा प्रचार झाला. हा प्रचार दिशाभूल करणारा होता, हे पर्ड्यू कंपनीने 2007 मध्ये कोर्टात कबूल केले. त्याच काळात अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धातून सैनिक जखमी होऊन परतत होते. पाठ, गुडघे, स्फोटाच्या जखमा, सगळ्यांवर गोळी.

दुखणे फक्त शरीराचे नव्हते
अशा एक लाख 41 हजार सैनिकांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धाचा मानसिक आघात झालेल्यांपैकी 17.8 टक्के जणांना या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. मानसिक आजार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 6.5 टक्के होते. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच गोळ्या जास्त.

व्यसन कसे लागते?
शरीराला सवय होते, तेवढ्याच गोळीने भागत नाही, मग डोस वाढतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

उपाय
2013 पासून माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांनी या गोळ्या कमी करून व्यायामोपचार आणि समुपदेशन वाढवले. मात्र गोळी एकदम बंद करणेही घातक आहे, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये दिला. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो.

आपल्या घरात
आपल्याकडे ट्रामाडोल याच वर्गातले औषध आहे. 2018 पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ऑपरेशननंतर अब्बांना किंवा अम्मीला अशी गोळी दिली असेल तर किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणू नका, उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. सवय लागलीच तर लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका, घरच्या माणसाला गुन्हेगारही ठरवू नका. हा आजार आहे, त्यावर इलाज आहे. सरकारची मोफत हेल्पलाइन : 14446.